पासवर्ड घेतच नाही! वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावात ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं आमचं काउंटर आहे. परीक्षेचे अर्ज, शिष्यवृत्ती, पीएफ, टॅक्स रिटर्न, जे येईल ते. फॉर्मपेक्षा जास्त वेळ पासवर्डापाशी जातो, म्हणून लोक जे विचारतात ते एकदाचं लिहून काढलं. प्रश्न बहुतेक त्यांच्याच शब्दांत आहेत. उत्तरांत मधेमधे माझी मतं घुसली आहेत, तेवढी चालवून घ्या.

एक कॅपिटल, एक स्मॉल, एक आकडा, एक चिन्ह. हे कुणाच्या डोक्यातून निघालं?

अमेरिकेत एनआयएसटी नावाची सरकारी मानक संस्था आहे. तिथल्या बिल बर यांनी २००३ साली पासवर्ड कसे असावेत याची मार्गदर्शिका लिहिली. हा साचा आणि ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलायचा सल्ला जगभर पसरला तो मुख्यतः तिच्यातून. बर यांना खऱ्या लोकांचे खरे पासवर्ड अभ्यासायचे होते, पण ते कुणी देईना. शेवटी १९८० च्या दशकातल्या एका जुन्या लेखाच्या आधारानं त्यांनी काम उरकलं. निवृत्तीनंतर, २०१७ मध्ये, त्यांनीच ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ला सांगितलं की त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो.

त्याच वर्षी संस्थेनं आपला सल्ला फिरवला: साचा लादू नये, लांबी बघावी, फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून पाहावं. २०२५ च्या आवृत्तीत तर साच्याची सक्ती करायचीच नाही, असं स्पष्ट आहे. पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तरच बदलायला लावायचं. नुसत्या पासवर्डावर खातं उघडत असेल तर किमान १५ अक्षरं, सोबत ओटीपीसारखी दुसरी पायरी असेल तर ८.

मग आपल्याकडच्या साइट अजून तेच का मागतात?

मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या दिनेई फ्लोरेन्सियो आणि कॉर्मॅक हर्ली यांनी २०१० मध्ये ७५ वेबसाइटचे नियम ताडून पाहिले. जिथे पैसा जास्त, हल्ले जास्त, तिथे नियम कडक असतील असं कुणालाही वाटेल. निघालं भलतंच. सरकारी आणि विद्यापीठांच्या साइट कडक, आणि मोठमोठी ऑनलाइन दुकानं त्या मानानं सैल. दुकानाला माहीत असतं की पासवर्डाचा फार ताप झाला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. परीक्षेचा फॉर्म भरणारा पोरगा कुठे जाणार? त्याला दुसरी साइटच नाही. मला काउंटरवर रोज दिसणारं चित्र यापेक्षा वेगळं नाही: जिथून उठून जाता येत नाही, तिथेच नियम वाढत जातात.

दुसरं कारण कागदोपत्री. ऑडिटच्या यादीत ‘पासवर्डाचे नियम आहेत का’ असा रकाना असतो आणि तिथे टिकमार्क करावी लागते. हे फक्त सरकारी बाबूंचं नाही. कार्ड व्यवहारांसाठीचं पीसीआय डीएसएस हे मानक २०२२ च्या चौथ्या आवृत्तीतही १२ अक्षरं आणि त्यात अक्षर-आकडा दोन्ही मागतं. नियम कडक ठेवल्यावर काही बिनसलं तर ‘आम्ही सांगितलं होतं’ असं म्हणता येतं. सैल ठेवल्यावर नोकरी जाते.

पण चिन्ह घातल्यावर पासवर्ड पक्का होतोच ना?

हिशेब करू. कीबोर्डवरची सगळी ९४ अक्षरं-चिन्हं वापरून, नेम न धरता केलेला ८ अक्षरी पासवर्ड सुमारे ६०९६ लाख कोटी प्रकारे होऊ शकतो. फक्त स्मॉल लिपीतली २६ अक्षरं, पण लांबी १६ घेतली, तर तो आकडा याच्या सुमारे ७० लाख पट होतो. चिन्हापेक्षा लांबी भारी, ती इतकी.

शिवाय नेम न धरता कुणी करतच नाही. नियम वाचला की सगळ्यांचा हात एकाच ठिकाणी जातो: गावाचं नाव, पहिलं अक्षर कॅपिटल, शेवटी @१२३. काउंटरच्या अलीकडे बसून मी हे इतकं पाहिलंय की ‘चिन्ह टाका’ म्हटल्यावर समोरचा अॅट टाकणार हे मला आधी कळतं. मला कळतं तर चोराच्या प्रोग्रामला कळणारच.

मोठा पासवर्ड ठेवला, ‘यशस्वी’ असं आलं. आता लॉगिनला चुकीचा म्हणतंय. मी तोच टाकतोय!

तुम्ही तोच टाकताय यावर माझा विश्वास आहे. बहुतेक वेळा साइटनं तो कापलेला असतो.

वेबपानावरच्या चौकटीला जास्तीत जास्त किती अक्षरं घ्यायची याची मर्यादा घालता येते. समजा नोंदणीच्या पानावर ती १५ आहे आणि तुम्ही २० अक्षरांचा पासवर्ड पेस्ट केला. पुढची ५ अक्षरं गुपचूप गळतात. ठिपके कोण मोजतो? साइटकडे १५ अक्षरांचा पासवर्ड जमा झाला. लॉगिनच्या पानावर ती मर्यादा घालायला कुणी विसरलं असेल, तर तिथे पूर्ण २० जातात आणि साइट म्हणते चूक.

गंमत पुढेच आहे. ही मर्यादा हातानं टाइप केलेल्या आणि पेस्ट केलेल्या मजकुराला लागते. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड लक्षात ठेवून भरून देणारा प्रोग्राम, ब्राउझरला जोडलेला असेल तर तो थेट चौकटीत भरतो, तेव्हा ती लागत नाही. म्हणून एकाच साइटवर, एकच पासवर्ड, भावाच्या लॅपटॉपवर चालतो आणि तुमच्या फोनवर नाही. दोघंही एकमेकांना वेड्यात काढतात.

उपाय: नियमांत कमाल लांबी लिहिली असेल तर सुरुवातीची तेवढी अक्षरं ठेवा आणि शेवटची बाकीची काढून बघा. १२, १५, १६ हे आकडे नेहमीचे. नाहीच जमलं तर ‘फरगॉट पासवर्ड’ करून मर्यादेत बसेल असा नवा ठेवा आणि ठेवताना ठिपके मोजा.

कापाकापी जुनीच आहे. युनिक्स या कॉम्प्युटर यंत्रणेत अनेक वर्षं पासवर्डाची पहिली ८ अक्षरंच धरली जायची, पुढे काहीही लिहिलं तरी दार उघडायचं.

‘ही चिन्हं चालणार नाहीत’ असं का म्हणतात? आधी चिन्ह टाका म्हणायचं, मग हे नको, ते नको.

अवतरण चिन्ह, अर्धविराम, कोनी कंस, अँपरसँड यांना डेटाबेसच्या आणि वेबपानाच्या भाषेत वेगळा अर्थ असतो. त्यांतून कुणी आज्ञा घुसवेल या भीतीनं ती सरसकट बंद केली जातात. पण पासवर्ड नीट हॅश करून ठेवत असाल, म्हणजे उलट फिरवता न येणाऱ्या सांकेतिक रूपात, तर आत कोणतं चिन्ह होतं याचा काही फरक पडत नाही. नको असलेल्या चिन्हांची लांबलचक यादी दिसली की मी त्या साइटवर दुसरीकडचा पासवर्ड कधीच वापरत नाही. आणि ‘पासवर्ड विसरलो’ म्हटल्यावर जी साइट तुमचा जुनाच पासवर्ड एसएमएसवर पाठवते, तिनं तो वाचता येईल असा ठेवलाय हे नक्की समजा.

पेस्ट का करू देत नाहीत?

सुरक्षेसाठी, असं सांगतात. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्रानं २०१७ मध्येच ‘लोकांना पेस्ट करू द्या’ असं जाहीर सांगितलं आणि एनआयएसटीचाही सल्ला तोच आहे. पेस्ट बंद केली की लोक हातानं लिहिता येईल असा सोपा पासवर्ड ठेवतात.

साइट बहुधा फक्त पेस्टची क्रिया अडवते. ब्राउझरनं स्वतः भरलेला पासवर्ड त्यात अडकत नाही. कॉम्प्युटरवर नोटपॅडमधला मजकूर सिलेक्ट करून माउसनं ओढत चौकटीत आणून सोडला तरी अनेकदा जातो. खाते क्रमांक दोनदा टाकायच्या चौकटीत मात्र ही युक्ती करू नका. तिथे पेस्ट बंद असायला कारण आहे: पहिल्यांदा चुकलेला आकडा दुसऱ्यांदाही तसाच जाईल.

कॉम्प्युटरवर क्रोममध्ये चालतं, आयफोनवर क्रोममध्येच चालत नाही. क्रोम तर तोच ना?

नाव तेच, इंजिन वेगळं. आपल्याकडच्या आयफोनवर क्रोम घ्या, फायरफॉक्स घ्या, एज घ्या, आत अॅपलचं वेबकिट, म्हणजे सफारीचंच इंजिन चालतं. तशी अॅपलची अट आहे. युरोपीय संघात २०२४ पासून ती कायद्यानं सैल करावी लागली.

याचा पासवर्डाशी संबंध असा. नियम तपासणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे पानासोबत येणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, ‘अमुक अक्षराच्या मागे तमुक नको’ असं लिहायची एक सोय असते. क्रोमला ती आधीपासून समजायची, सफारीला मार्च २०२३ च्या १६.४ आवृत्तीत आली. त्याआधीच्या फोनवर ती ओळ दिसली की ब्राउझर अख्खी स्क्रिप्टच टाकून देतो. मग पान दिसतं, बटण दिसतं, दाबलं तर काहीच होत नाही. चूक आहे असंसुद्धा कुणी सांगत नाही. आयफोन ७ आणि त्याआधीचे फोन आयओएस १५ च्या पुढे जात नाहीत, त्यामुळे अशा फोनवर दहा ब्राउझर टाकले तरी फरक नाही. अॅन्ड्रॉइड फोन किंवा कॉम्प्युटर शोधा.

एका ब्राउझरमध्ये लगेच लाल अक्षरांत चूक दिसते, दुसऱ्यात सबमिट होऊन मग परत येतं. नियम दोन आहेत का?

नियम एकच, तपासणारे दोन. पहिली तपासणी ब्राउझर करतो, दुसरी सर्व्हर, म्हणजे साइटचा पलीकडचा कॉम्प्युटर. २०२३ मध्ये ब्राउझरांनी चौकटीला जोडलेला नियमाचा साचा वाचण्याची पद्धत बदलून कडक केली. त्यात पूर्वी चालून जाणारा, नीट न लिहिलेला साचा आता अवैध ठरतो. अवैध साच्याचं ब्राउझर काय करतो? तक्रार न करता सोडून देतो, म्हणजे काहीही टाका, चालतं. जुन्या ब्राउझरला तोच साचा कळतो, म्हणून तो तिथल्या तिथे अडवतो. भरवसा सर्व्हरच्या उत्तरावर ठेवा.

पासवर्ड बरोबर आहे, तरी फिरून लॉगिनचंच पान येतं.

हा पासवर्डाचा प्रश्नच नाही, कुकीचा आहे, म्हणजे साइट तुम्हाला ओळखण्यासाठी ब्राउझरमध्ये ठेवते त्या चिठ्ठीचा. लॉगिन एका पत्त्यावर आणि काम दुसऱ्या पत्त्यावर अशी रचना असली की मधली कुकी ‘परक्याची’ ठरते. सफारी अशा कुकी २०२० पासून सरसकट अडवतो, फायरफॉक्स २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकी वेगळ्या डब्यात ठेवतो, क्रोम अजून येऊ देतो. म्हणून ‘क्रोममध्ये करा’ असं हेल्पलाइनवाले सांगतात. सफारीत सेटिंगमधलं ‘प्रिव्हेंट क्रॉस-साइट ट्रॅकिंग’ तात्पुरतं बंद करून काम उरकायचं आणि परत चालू करायचं.

साइटवर लिहिलंय ‘इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उत्तम दिसेल’. तो आणू कुठून?

आणू नका. मायक्रोसॉफ्टनं १५ जून २०२२ ला तो बंद केला. एजमध्ये ‘आयई मोड’ आहे, म्हणजे जुन्या एक्सप्लोररसारखं चालायची सोय, जुन्या डिजिटल सहीवाल्या साइटसाठी तो वापरावा लागतो. बाकी ती ओळ बहुधा कुणी पुसायची विसरलेली असते. आधी साधं उघडून बघा.

ब्राउझरनं स्वतःच चांगला पासवर्ड सुचवला आणि साइटनं तोच नाकारला!

सफारी २० अक्षरांचा देतो, सहा-सहा अक्षरांचे तीन गट आणि मधे दोन आडव्या रेघा. क्रोमचा सहसा १५ चा. साइटला आडवी रेघ चिन्ह म्हणून मान्य नसेल तर सफारीचा बाद, कमाल १२ असेल तर दोन्ही बाद. साइटला आपले नियम ब्राउझरला कळवायची सोय अॅपलनं दिलेली आहे, पण ती वापरणारे थोडे. म्हणून अॅपलनं कोणत्या साइटला काय चालतं याची यादीच सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे आणि लोक तिच्यात भर घालतात.

तुम्ही एवढं करा: सुचवलेला घ्या, रेघेच्या जागी त्यांना चालणारं चिन्ह घाला, लांबी कापा, आणि ब्राउझर ‘सेव्ह करू का’ विचारेल तेव्हा बदललेलाच सेव्ह होतोय ना ते डोळ्याचं चिन्ह दाबून बघा. इथेच घोळ होतो: साइटकडे दुरुस्त केलेला, ब्राउझरकडे मूळचा.

एजमध्ये डोळ्याची दोन चिन्हं का दिसतात?

एक साइटचं, एक एजचं स्वतःचं. कोणतंही दाबा.

मराठीत पासवर्ड ठेवला तर? कुणाच्या बापाला ओळखू येणार नाही.

कल्पना छान, पण आजच्या साइटवर नको. पहिली अडचण, कॅपिटल अक्षर मागतात आणि देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाहीच. दुसरी, १२३ देवनागरीत टाकले तर ब्राउझरमधल्या तपासणीला ते आकडेच वाटत नाहीत.

तिसरी जास्त फसवी. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर ‘ऱ’ हे वेगळं अक्षर घेऊन, दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आतले संकेत वेगळे, आणि पासवर्ड तर संकेतांवरच जुळतो. ऑफिसच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ठेवलेला पासवर्ड फोनवर चालेलच असं नाही. ठिपक्यांमुळे फरक दिसतही नाही.

चौथी: पासवर्ड साठवायची बीक्रिप्ट नावाची प्रसिद्ध पद्धत पहिले ७२ बाइटच (बाइट म्हणजे साठवणुकीचं माप) धरते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला, मात्रेला, हलन्ताला तीन. ‘स्वातंत्र्य’ हा एक शब्दच ३३ बाइट खातो. तिसऱ्या शब्दाच्या सुरुवातीलाच मर्यादा संपते.

त्यापेक्षा मराठी शब्द इंग्रजी लिपीत लिहा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच: कढई, पोस्टमन, तगर, ओसरी असे. हेच घेऊ नका, आणि देव, गाव, मुलांची नावं तर मुळीच नकोत. शब्द मनानं निवडले की ओळखीचेच येतात, म्हणून पुस्तक उघडून बोट ठेवा किंवा फासे टाका. फासे टाकून शब्द काढायची पद्धत अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये मांडली. पाच फासे, ७७७६ शब्दांची यादी. तुमचं स्पेलिंग मात्र एकदा ठरवून टाका, कढईच्या शेवटी एक ‘आय’ की दोन ‘ई’ यावर खातं लॉक झालेलं मी पाहिलंय.

कॉम्प्युटरवर चालणारा पासवर्ड फोनवर चुकीचा का?

आधी आयडी बघा, पासवर्ड नंतर. फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतो, आणि सुचवलेला शब्द निवडला तर शेवटी एक स्पेस सोडतो. ती दिसत नाही. पासवर्ड नोट्समध्ये लिहून ठेवला असेल तर फोननं दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ किंवा साध्या अवतरणाचं वळणदार अवतरण केलेलं असू शकतं.

इंग्लंडहून आलेल्यांचा लॅपटॉप असेल तर आणखी एक: तिथल्या कीबोर्डवर शिफ्ट आणि २ दाबल्यावर अॅट येत नाही, दुहेरी अवतरण येतं. अॅट एंटरजवळच्या बटणावर असतो.

दर तीन महिन्यांनी बदलायला लावतात. उपयोग होतो का?

नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात २०१० मध्ये ७७०० हून अधिक जुन्या खात्यांचे, मुदत संपलेले पासवर्ड तपासले. जुना पासवर्ड माहीत असेल तर १७ टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड पाच अंदाजांच्या आत सापडला. लोक १ चा २ करतात, दुसरं काय करणार? मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये विंडोजच्या शिफारशींतून मुदतीचा नियम काढून टाकला. आमच्याकडे मात्र जानेवारीचा पासवर्ड, एप्रिलचा पासवर्ड सुखानं नांदतात.

सुरक्षा प्रश्न विचारतात, आईचं माहेरचं आडनाव. ते खरंच द्यायचं?

अजिबात नाही. अमेरिकेत ते गुपित असेलही. आपल्याकडे लग्नपत्रिकेत मामांचं नाव आडनावासकट छापून गावभर वाटतात. २००८ मध्ये अमेरिकेतल्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचं ईमेल खातं जन्मतारीख, पिनकोड आणि नवऱ्याशी भेट कुठे झाली एवढ्यावर एका विद्यार्थ्यानं उघडलं होतं. खोटं उत्तर द्या आणि ते पासवर्डासारखंच जपून ठेवा. आईचं आडनाव ‘पातेलं’ लिहिलं तरी साइट काही बोलत नाही.

आधारची पीडीएफ उघडत नाही.

नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये, लगेच जन्माचं वर्ष. आधारवर छापलेलं स्पेलिंग धरा, तुमच्या सवयीचं नाही.

एवढे पासवर्ड ठेवायचे कुठे? वही चालेल?

घरातल्या कपाटात असेल तर चालेल. रशियातला चोर तुमच्या कपाटापर्यंत येत नाही. मोबाइलच्या कव्हरमध्ये खोचलेली चिठ्ठी मात्र नको, फोन आणि चिठ्ठी दोन्ही एकदमच जातात. त्याहून बरा पासवर्ड मॅनेजर किंवा ब्राउझरची स्वतःची सोय, फोनला लॉक असेल तर. क्रोममधून फायरफॉक्सवर जाताना पासवर्डांची फाइल बाहेर काढता येते, पण ती उघडी असते, कुणालाही वाचता येते. आत घेतली की लगेच डिलीट करा, रिसायकल बिनमधूनही. आमच्यासारख्या काउंटरवर ‘सेव्ह’ कधीच दाबू नका. आम्ही दाबलं तर टोका.

पासकी म्हणजे काय? ती आली की सुटलो का?

फोनच्या बोटाच्या ठशानं किंवा चेहऱ्यानं उघडणारी किल्ली. खरी किल्ली फोनमध्येच राहते, साइटकडे फक्त तिचं जोडीचं कुलूप असतं, त्यामुळे साइट फुटली तरी चोराच्या हाती कामाचं काही लागत नाही. २०२२ मध्ये अॅपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ती पुढे रेटायचं ठरवलं. जिथे मिळेल तिथे घ्या. मात्र आयफोनवर केलेली पासकी अॅपलच्या खात्यात जाते आणि अॅन्ड्रॉइडवरची सहसा गूगलच्या, त्यामुळे फोनची जात बदलणार असाल तर आधी नव्या फोनवर दुसरी पासकी करून मगच जुना विका.

दोनदा चुकलंय. तिसऱ्यांदा टाकू का?

थांबा. अनेक साइट तिसऱ्या चुकीला खातं लॉक करतात, काही तर पूर्ण दिवसासाठी. आधी नोटपॅडमध्ये पासवर्ड दिसेल असा टाइप करून बघा, कॅप्स लॉक, स्पेस, शून्य की ओ, एल की आय. तरी शंका असेल तर ‘फरगॉट पासवर्ड’, आणि ओटीपी ज्या नंबरवर जाणार आहे तो नंबर चालू आहे ना हे आधी विचारून घ्या. फॉर्मची शेवटची तारीख आजच असेल तर रात्री अकराला येऊ नका.